शेपटी कुणाची

आमच्या धंद्यात शेपटी एकीचीच असते. म्हणजे असं, की गायकाच्या मागे साथीला तिघी गात असल्या आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाच्या टोकाला 'स' असला तर तो तिघींपैकी एकीनंच म्हणायचा. बाकी दोघींनी सूर धरून ठेवायचा आणि शेवटचं अक्षर गिळून टाकायचं. तिघींनी म्हटला तर माइकमध्ये कढईत मासा सोडल्यासारखा आवाज होतो आणि गाण्याची माती होते. एकीनं म्हटला तर ऐकणाऱ्याला वाटतं, तिघींनी मिळून काय सुबक म्हटलाय. मी बारा वर्षांची असताना चर्चच्या गायकवृंदात सिस्टर ओटिलींनी मला हे शिकवलं. त्या 'स'ला शेपटी म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणते.

क्लोव्हरेट्स या आमच्या तिघींच्या चमूत शेपटी अकरा वर्षं माझी होती. आवाजही मधला माझा. वरचा आवाज गाण्याला चकाकी देतो, खालचा वजन देतो, आणि मधला काय देतो ते कुणाला सांगता येत नाही. तो नसला की मात्र सगळे माना वळवून विचारतात, काय बिघडलं?

या अकरा वर्षांत माझ्या दोन्ही बाजूंना नऊ बायका आल्या आणि गेल्या. अर्मानं रेल्वेतल्या माणसाशी लग्न केलं आणि ती क्लीव्हलँडला गेली. क्लॉडीन एका रविवारी चर्चमध्ये ढसाढसा रडली आणि सोमवारी सांगायला आली की हे सैतानाचं संगीत आहे, तिला आता जमणार नाही. थोरली रूथ स्वतःच्या नावानं गायला शिकागोला गेली. तिची एक रेकॉर्ड निघाली, मग तिनं केस करायचं दुकान टाकलं, आणि ते दुकान रेकॉर्डपेक्षा चांगलं चाललं. एकीचं गाणं नवऱ्यानं बंद केलं, एकीचं डॉक्टरनं. प्रत्येक नवी आली की मी तिला माझ्या स्वयंपाकघरात बसवायचे आणि पहिल्याच दिवशी सांगायचे, "शेपटी माझी. तू गिळायची." १९७२ साली उरल्या होत्या वरच्या आवाजाला व्हर्नीस आणि खालच्या आवाजाला इमोजीन. मेम्फिसमध्ये आमच्याइतकं एकजीव गाणारं कुणी नव्हतं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही.

पण आमचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. छत्तीस रेकॉर्डवर माझा आवाज आहे. कव्हर उलटून पाहिलं तर ढोलवाल्याचं नाव सापडेल, फोटो काढणाऱ्याचं सापडेल, एका रेकॉर्डवर तर ज्याची गाडी फोटोत उभी होती त्या माणसाचेसुद्धा आभार मानलेत. माझं नाव कुठंच नाही. लोक म्हणतात, अशा गोष्टींचं मनाला लावून घेऊ नये. मी लावून घेत होते. प्रत्येक रेकॉर्ड आली की आधी मागची बाजू वाचायचे आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाही.

म्हणून त्या वर्षी मार्चमध्ये मिस्टर गेन्स म्हणाले की या वेळी मागे गाणाऱ्यांचीही नावं छापायची आहेत, तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं, "नक्की ना?" क्लीओफस गेन्स म्हणजे आमच्या स्टुडिओचे मालक, आणि क्लोव्हरेट्स हे नावही त्यांच्याच मालकीचं. पूर्वी त्या जागेत फर्निचरचं दुकान होतं, भिंतीवर अजून 'गाद्या' असं पुसट लिहिलेलं दिसायचं. तिथंच आम्ही रॉस्को व्हेनेबल या गायकाच्या मागे गायचो. गेन्स म्हणाले, "नक्की. कॅलिफोर्नियावाले छापायला लागलेत, आपण काय घोडं मारलंय?"

एप्रिलमध्ये त्यांनी मला एकटीला बोलावलं. ते खुर्चीत मागे रेलले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाकडं आहे. चांगलं सांगायचं असलं की हा माणूस पुढे झुकतो.

"ओझेला, तुझं वय काय गं आता?"

"तुम्हाला माहीत आहे."

"अडतीस. तेवढी दिसत नाही, असं म्हणू नकोस, दिसतं मला सगळं. या वेळी टेलिव्हिजनवर जायचंय. व्हर्नीस सव्वीसची, इमोजीन चोवीसची. मधे तू उभी राहिलीस की मुलींना शाळेत सोडायला आईच आल्यासारखी वाटते."

"टेलिव्हिजनवर नका नेऊ. रेकॉर्डवर तर वय दिसत नाही."

"जी दिसणार तीच गाणार. मी ठरवलंय. ऑरेंज माउंड वस्तीतली एक पोरगी आहे, ल्युटिशा बेल, वीस वर्षांची. तिला तयार कर. तुझ्याइतकं कुणाला जमतं ते?"

नुसतं हाकललं असतं तर चाललं असतं. पण वर माझ्याच हातानं माझी जागा भरून द्यायची, आणि तेही स्तुती ऐकत. अंगाची लाही लाही झाली. तरी मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तिला कशीबशी उभी केली असती, आणि माझा आवाज कुणीतरी वेडावाकडा गातंय हे मला ऐकावं लागलं असतं. आवाजाच्या बाबतीत मी हट्टी आहे.

ल्युटिशा शनिवारी दुपारी आली. उंच, सडपातळ, हातात आईनं दिलेला पीचचा केक. "मिस ओझेला, तुम्हाला त्रास देतेय मी," म्हणाली आणि दारातच उभी राहिली, आत ये म्हणेपर्यंत. मला ती दुष्ट निघायला हवी होती. निदान आगाऊ तरी. पण ती बिचारी सांगितलेलं सगळं वहीत लिहून घ्यायची.

मी तिला पाच शनिवार शिकवलं. तोंड किती उघडायचं, हे दोन बोटं तोंडाशी धरून दाखवलं. इमोजीन जिथं श्वास घेते तिथं आपण घ्यायचा नाही, हे तिला पंचवीसदा घोटून घ्यायला लावलं. सूर खालून चढवायचा नाही, वरून अलगद टेकवायचा. रॉस्को ओळ लांबवतो तेव्हा त्याच्या खांद्याकडे बघायचं, तोंडाकडे नाही, कारण त्याचा खांदा आधी पडतो. पोरगी टिपकागदासारखी होती, सगळं शोषून घ्यायची. तिसऱ्या शनिवारी माझा नवरा एल्रॉय टायरच्या कारखान्यातून आला आणि दारातून म्हणाला, "सकाळी तर म्हणालीस घसा बसलाय." गात होती ल्युटिशा.

सगळं शिकवलं, फक्त शेपटी सांगितली नाही.

विसरले असं म्हणायला मला आवडलं असतं. विसरले नव्हते. दर शनिवारी ती गेली की मी भांडी घासताना स्वतःला सांगायचे, पुढच्या वेळी सांगू. पाचव्या शनिवारी ती माझ्या गळ्यात पडून गेली तेव्हाही मी गप्प बसले. चर्चमध्ये तिला प्रत्येक अक्षर स्वच्छ म्हणायला शिकवलेलं होतं, तेव्हा ती 'स' पुरा, लांबवून म्हणणार हे मला ठाऊक होतं. मनात हिशेब इतकाच, की एक तरी गोष्ट माझ्यापाशी राहू दे. आणि थोडं असंही, की बघू दे गेन्सना माझ्यावाचून कसं होतं ते.

गाणं होतं पावलांचं. बाई सोडून गेलीय, रॉस्को दाराशी कान लावून बसलाय, आणि त्याच्या प्रत्येक ओळीनंतर मागून तिघी म्हणतात, "फूटस्टेप्स." एका गाण्यात चोवीस वेळा फूटस्टेप्स. चोवीस शेपट्या.

मे महिन्यातला तो गुरुवार. मी इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करत होते. स्टुडिओत काम नसेल ते सगळे दिवस मी तिथंच असायचे. अकराच्या सुमाराला मुकादमीणबाईंनी हाक मारली आणि नाक मुरडून फोन हातात दिला. व्हर्नीस होती.

"अगं, इथं नुसता फुसफुसाट चाललाय. एकोणीस वेळा गाऊन झालं. रेकॉर्डिंगच्या यंत्रावरच्या माणसानं माइक बदलला, तारा बदलल्या. गेन्स त्या पोरीवर असले खेकसतायत की मला ऐकवत नाही. काय शिकवलंस तिला?"

"तिचं काय चुकतंय?"

"कानाला हेडफोन लावून कुणाचं काय कळतंय? मी आणि इमोजीन इतकी वर्षं गातोय, आमचं तर चुकत नाही. म्हणजे तिचंच."

मी फोन ठेवला. ऐकताक्षणी माझ्या ध्यानात आलं होतं. एकटी ल्युटिशा 'स' म्हणाली असती तर तो जरा लांब वाटला असता, एवढंच, मधल्या आवाजाचीच शेपटी होती ती. म्हणजे व्हर्नीसला वाटलं, ओझेला गेली, आता शेपटी माझी. इमोजीनलाही तेच वाटलं. दोघी धरून चालल्या होत्या की नव्या पोरीला ओझेलानं गिळायला शिकवलंच असेल, कारण ओझेला सगळ्यांना शिकवते. कुणी कुणाला विचारलं नाही. अकरा वर्षं तो प्रश्नच कुणाला पडला नव्हता, कारण तो सोडवायला मी उभी असायचे. खरं सांगायचं तर मला हसू आलं. मग एकोणीस वेळा खेकसून घेतलेली पोरगी डोळ्यांपुढे आली आणि हसू जिरलं. मुकादमीणबाईंना म्हणाले, "माझा आजचा खाडा मांडा," आणि ॲप्रनवरच निघाले.

स्टुडिओत शिरले तर रॉस्को स्टुलावर बसून बूट काढून पाय चोळत होता. व्हर्नीस आणि इमोजीन एकीकडे, ल्युटिशा दुसरीकडे, भिंतीवरच्या त्या 'गाद्या'खाली, वही छातीशी धरून. गेन्सनी मला पाहिलं आणि हात वर केले.

"आलीस? देवच पावला. ये, उभी राहा इथं. चल गं पोरी, तू घरी जा."

"आणि टेलिव्हिजन?" मी विचारलं.

"ते नंतर बघू. आज मला गाणं हवंय."

"नाव?"

"कसलं नाव? हां, ते. तिच्या जागी तुझं छापतो. खूश?"

जे मागत होते ते सगळं एका दमात समोर आलं. जागा, आवाज, नाव. मला फक्त माइकपुढं जाऊन उभं राहायचं होतं. आणि मी दोन पावलं टाकलीसुद्धा, हे मी लपवणार नाही.

ल्युटिशानं पर्स उचलली. रडली नाही. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मिस ओझेला, तुम्ही शिकवलंत अगदी तसंच गायले मी. माझं कुठं चुकलं तेवढं सांगा, म्हणजे जाते. नाहीतर पुढं कुठंही गेले तरी तेच चुकत राहील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर ओटिली मला बारा वर्षांची असताना मांडीशी बसवून शिकवायच्या, त्यांनी काही हातचं राखलं नव्हतं. मी राखलं होतं, आणि कुणापासून, तर केक घेऊन येणाऱ्या पोरीपासून.

"तुझं काही चुकलं नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझं चुकलं. मी तुला शेपटी सांगितली नाही. मुद्दाम नाही सांगितली." मग या दोघींकडे वळले. "व्हर्नीस, 'स' म्हणतेस?"

"मग? तू नाहीस तर कुणी म्हणायचा?"

"इमोजीन?"

इमोजीन खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, माझ्याकडेच आला असेल. व्हर्नीसचा पुढचा दात तुटका आहे ना."

"माझ्या दाताचा इथं काय संबंध?" व्हर्नीस उसळली.

"दोघी गप्प बसा," मी म्हणाले. "शेपटी मधल्या आवाजाची. म्हणजे आता ल्युटिशाची. तुम्ही दोघी गिळायची, नेहमीसारखी. ल्युटिशा, तू म्हणायची, पण अर्धीच. दातांवर जीभ टेकव आणि लगेच सोड. बस्स."

रॉस्कोनं बूट चढवले. विसाव्या वेळी त्यांनी गाणं घेतलं आणि चोवीसच्या चोवीस फूटस्टेप्स अशा स्वच्छ पडल्या, की यंत्रावरचा माणूस काचेमागून बाहेर आला आणि मान डोलावून परत आत गेला. मी भिंतीशी उभी राहून ऐकलं. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी कुणीतरी माझं घर विकून टाकल्यासारखंही वाटलं.

"झालं तर," गेन्स म्हणाले. "थँक यू, ओझेला. उगाच घोळ घातलास, पण निस्तरलासही." आणि त्यांनी पाठ फिरवली.

मी जागची हलले नाही. गायची जागा मी माझ्या हातानं देऊन बसले होते, ती परत मागायला मला तोंड नव्हतं. पण नाव मागायला होतं.

"माझं नाव छापा," मी म्हणाले.

"तू गायलीस कुठं?"

"या तिघींना कुणी तयार केलं ते छापा. आवाजांची बांधणी, ओझेला प्रुइट."

"असं कुणी छापत नाही."

"मग तुम्ही छापा. मिस्टर गेन्स, तुमच्या स्टुडिओत तीन बायका, एक यंत्रवाला आणि तुम्ही, मिळून सकाळभर डोकं खाजवत होतात. तुम्ही अकरा वर्षं मला ऐकताय आणि मी काय करते ते तुम्हाला आज कळलं. पुढच्या वर्षी तुम्ही व्हर्नीसला काढाल." व्हर्नीसनं दचकून पाहिलं. "त्याच्या पुढच्या वर्षी या इमोजीनला. मग इथं ज्या तिघी उभ्या असतील, त्यांना सांगणारं कोण असेल? मी असेन. पण नाव छापलं तरच येईन. नाहीतर बसा तारा बदलत."

"धमकी देतेस?"

"हो."

रॉस्को स्टुलावरून म्हणाला, "लिहून टाका हो साहेब. ही हलायची नाही, आणि मला भूक लागलीय."

गेन्सनी टेपच्या खोक्यावर लिहिलं. मी जवळ उभं राहून एकेक अक्षर सांगितलं, कारण प्रुइट हे नाव लोक चार प्रकारांनी चुकीचं लिहितात.

सप्टेंबरमध्ये रेकॉर्ड आली. मागच्या बाजूला, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, पण होतं. अंगठ्यानं झाकता येईल एवढं. मी दिवसभरात दहा वेळा अंगठा ठेवला आणि काढला. संध्याकाळी एल्रॉय आला, त्यानं हात धुतले, चष्मा लावला आणि ते मोठ्यानं वाचलं. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झालीत, पण माझं नाव त्यानं इतकं सावकाश कधी घेतलं नव्हतं.

मग त्यानं रेकॉर्ड लावली. मे महिन्यात काय झालं ते मी त्याला धडपणे सांगितलं नव्हतं, मीच वाईट ठरत होते त्यात. तो डोळे मिटून ऐकत बसला. पावलांचं गाणं लागलं, फूटस्टेप्स आलं, आणि त्याचा चेहरा उजळला. बोट वर करून म्हणाला, "ही बघ तू. मधली. हा आवाज मी झोपेतही ओळखेन."

मी ओट्याशी वळले आणि नळ सोडला. छत्तीस रेकॉर्डवर मी आहे आणि माझं नाव नाही. सदतिसावीवर नाव आहे आणि मी नाही. आणि हे माझ्या स्वतःच्या नवऱ्याला कळत नव्हतं. त्यात त्याचा दोष नव्हता. कुणाला कळू नये, हेच तर मी आयुष्यभर शिकले होते आणि तेच त्या पोरीला शिकवलं होतं. आपलं काम आपण किती चोख केलं ते मला त्या दिवशी समजलं, आणि मला हमसाहमशी रडू आलं. एल्रॉयला वाटलं, आनंदानं रडतेय.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी गेन्सच्या स्टुडिओत होते. ते कॉफी पीत होते.

"आता काय? छापलं ना?"

"छापलंत. थँक यू. आता मला गायचंय. पुढे उभी राहून, एकटीनं."

ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "ओझेला, तुझा आवाज मागं राहण्यासाठीच घडलाय. तुझा म्हणून तो कुणाला ओळखूच येत नाही."

"ठाऊक आहे. काल-परवा माझ्या नवऱ्यालाही आला नाही. त्यानं दुसऱ्याच बाईच्या आवाजावर बोट ठेवलं. म्हणून तर आलेय."

"अडतिसाव्या वर्षी बायका पुढे यायला सुरुवात करत नाहीत."

"एकोणचाळिसाव्या. जूनमध्ये झाले."

मी कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि माइकपुढं जाऊन उभी राहिले. तिथं एकटीनं उभं राहिलं की खोली किती मोठी वाटते, हे मला ठाऊक नव्हतं. दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं.

"यंत्र चालू करा," मी म्हणाले. "एल्रॉय पाच वाजता कारखान्यातून सुटतो. तो घरी यायच्या आत मला टेप घेऊन पोचायचंय."